हाकेला ‘ओ’: घरी रेकॉर्ड केलेला एक आयरिश अल्बम

रात्रपाळी (धागाकर्ता)

शुक्रवारी पहाटे साडेतीनला ऑफिसात मी आणि वॉचमन एवढेच जागे होतो. कानात डेमियन राइस या गायकाचा ‘ओ’ लावला होता. बऱ्याच दिवसांपासून यावर लिहायचं मनात होतं, म्हणून हा धागा.

अल्बमशी ओळख झाली ती हॉस्टेलवर. ‘क्लोजर’ (२००४) या सिनेमाची सीडी शेजारच्या खोलीतून आली होती. सिनेमा ज्या गाण्याने उघडतो आणि ज्या गाण्याने मिटतो ते ‘द ब्लोअर्स डॉटर’. सिनेमा अर्धा डोक्यावरून गेला, गाणं मात्र डोक्यातून जाईना. मग अख्खा अल्बम शोधायला लागलो. एकाच अक्षराचं नाव असलेला अल्बम तेव्हाच्या इंटरनेटवर शोधून बघा म्हणजे कळेल.

राइसचा जन्म १९७३ चा, गाव सेलब्रिज, किल्डेअर परगणा, डब्लिनला अगदी लागून. ‘ज्युनिपर’ नावाच्या बँडमध्ये तो गायचा. १९९७ मध्ये त्यांचा पॉलिग्राम या रेकॉर्ड कंपनीशी सहा अल्बमांचा करार झाला. दोन सिंगल बऱ्यापैकी चालली. मग कंपनी म्हणायला लागली की असं करा, तसं नको. पहिला अल्बम यायच्या आतच हा बाहेर पडला आणि थेट इटलीत तोस्कानाला जाऊन शेती करू लागला. पुढे युरोपभर रस्त्यावर गाऊन पैसे मिळवले आणि परत आयर्लंडला आला. एक डेमो (कच्चं रेकॉर्डिंग) केला आणि घरी बसून रेकॉर्ड करायला लागला. १ फेब्रुवारी २००२ ला आयर्लंडमध्ये ‘ओ’ बाहेर आला तो स्वतःच्याच डीआरएम या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीवर). डीआरएम म्हणजे ‘डेमियन राइस म्युझिक’, नाव शोधायला फार लांब गेला नाही पठ्ठ्या. २००३ मध्ये अमेरिकेतलं शॉर्टलिस्ट म्युझिक प्राइझ याच अल्बमला मिळालं.

आता माझा मुद्दा. या अल्बमबद्दल जिथे तिथे एकच वाक्य वाचायला मिळतं: सगळं सोडून आलेल्या मुलाने एकट्याने, घरात बसून केला. यातल्या ‘एकट्याने’ला माझा आक्षेप आहे, ‘घरात’ला नाही. घराचा खरा उपयोग मला पैशापेक्षा वेळेत दिसतो. स्टुडिओत रिक्षासारखा मीटर पडत असतो. घरी एका ओळीपायी अख्खा मंगळवार घालवला तरी कुणी बिल फाडत नाही.

जमलं तर एक प्रयोग करा. राइस गेल्यावर ज्युनिपरच्या उरलेल्या मंडळींनी ‘बेल एक्स वन’ हा बँड काढला. त्यांच्या ‘नीदर अॅम आय’ (२०००) या पहिल्या अल्बमवर ‘व्होल्कॅनो’ आहे आणि ‘ओ’वरही ‘व्होल्कॅनो’ आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. भावाभावांत वाटणी व्हावी आणि एकच तांब्याचा हंडा दोन्ही घरांत दिसावा, तसं वाटतं.

कढीपत्ता

धागा आवडला. वाचनखूण साठवली. मी फक्त ‘क्लोजर’वालं गाणं ऐकलं होतं. हा माणूस आयरिश आहे हेही माहीत नव्हतं, ब्रिटिश समजत होते.

लिफीकाठी

@कढीपत्ता, हे इथे डब्लिनमध्ये कुणाला सांगू नकोस. जेवणाचं आमंत्रण रद्द होईल. :)

रात्रपाळी, एक दुवा निसटला आहे, तो जोडते. ‘ओ’च्या आधी इथे डेव्हिड ग्रेचा ‘व्हाइट लॅडर’ होऊन गेला. ग्रे इंग्लंडचा, पण त्याला डोक्यावर घेतलं ते आयर्लंडने. लंडनच्या आपल्या घरात रेकॉर्ड करून १९९८ मध्ये त्याने तो स्वतःच्याच लेबलवर काढला. ‘नो डिस्को’ नावाचा आरटीईचा (इथल्या सरकारी टीव्हीचा) एक कार्यक्रम असायचा, तो कॉर्कहून व्हायचा. त्याचा सूत्रधार डोनल डिनीन ग्रेची गाणी आधीपासून लावून धरायचा. लोकांच्या घराघरांत ‘व्हाइट लॅडर’ पोचला आणि आयर्लंडमध्ये आजवर सर्वात जास्त खपलेला अल्बम ठरला.

त्यानंतर २००१ मध्ये ‘द फ्रेम्स’ने मोठ्या कंपन्यांचा नाद सोडून ‘फॉर द बर्ड्स’ आपल्या ‘प्लॅटो’ लेबलवर काढला. ग्लेन हॅन्सर्डचा हा बँड. हॅन्सर्ड म्हणजे ‘वन्स’ सिनेमातला रस्त्यावरचा गायक, आणि खऱ्या आयुष्यातही तो ग्राफ्टन स्ट्रीटवर गायचा. म्हणजे राइसने दार उघडलं तेव्हा आत दोघेतिघे आधीच बसलेले होते. २००२ च्या डब्लिनमध्ये ‘कंपनी नाही म्हणजे काही खरं नाही’ असं म्हणणारे कमी झाले होते. व्हीलन्ससारखा वेक्सफर्ड स्ट्रीटवरचा पब होता आणि शांत बसून ऐकणारं गिऱ्हाईक होतं.

खवट_आजोबा

‘ओ’ काल दोनदा ऐकला. एकदा झोप लागली म्हणून परत लावला. परत लागली.

विनोद बाजूला ठेवतो. ‘कंपनी सोडून स्वतःच्या बळावर’ या कथेत एक पात्र लपवलं आहे. डेव्हिड आर्नल्ड, जेम्स बाँडच्या ‘टुमॉरो नेव्हर डाइज’ वगैरे सिनेमांचा संगीतकार, हा या राइसचा दूरचा भाऊ लागतो. डेमो ऐकून रेकॉर्डिंगचं फिरतं सामान त्यानेच याला मिळवून दिलं. असा भाऊ असेल तर मीही नोकरी सोडून तोस्कानात टोमॅटो लावीन.

रात्रपाळी

आजोबा, झोप लागणं ही तक्रार की दाद?

आर्नल्डचा मुद्दा शंभर टक्के मान्य, म्हणूनच मी ‘एकट्याने’वर बोट ठेवलं होतं. तुम्ही माझंच काम सोपं केलंत. सेकंड कझिन, म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत ‘हा आपल्या अमक्याचा’ म्हणून ओळख करून देतात तेवढं नातं. ‘एमी’ या गाण्यातला वाद्यवृंद कानावर पडला की बाँडवाला भाऊ लगेच ओळखू येतो.

आणि तो एकटाच नाही. ‘आय रिमेंबर’ ऐका. पहिला अर्धा भाग लिसा हॅनिगन गाते, अगदी हळू. मग मध्येच राइस असा उसळतो की हेडफोन काढावा लागतो. चेलोवर विव्हियन लाँग. ‘एस्किमो’मध्ये तर ऑपेराची गायिका येते आणि चक्क फिनिश भाषेत गाते. घरी केलेल्या अल्बममध्ये एवढी माणसं येऊन गेली आहेत. चहाचे कप कोण विसळत होतं, हा माझा प्रश्न.

पेटीवाला

रात्रपाळी, छान लिहिता. मी पेटी शिकवतो. लॉकडाऊनमध्ये विद्यार्थ्यांसाठी घरी रेकॉर्डिंग सुरू केलं, त्यातून जे समजलं ते सांगतो. तुमच्या राइससाहेबांचा आवाज असा का येतो याचं थोडं उत्तर त्यात आहे.

आमची खोली दहा बाय अकरा, डोंबिवलीत. मे महिना. पंखा बंद, कारण माइकला पंखा आधी ऐकू येतो आणि पेटी नंतर. खिडक्यांना दोन गोधड्या, दाराला सतरंजी. काळी दोनचा सा धरला की कुठून तरी किरकिर यायची. तीन दिवस मी पेटीचे सूर काढून पुसत बसलो. चौथ्या दिवशी सौ. म्हणाल्या, ‘अहो, कपाट वाजतंय.’ लोखंडी कपाटाचं हँडल तेवढ्या एकाच सुराला थरथरत होतं. त्यात रुमाल कोंबला आणि प्रश्न मिटला. त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी कुकरची अर्धी शिट्टी आहे, ती मात्र काढता आली नाही.

आता तांत्रिक. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत माइकमध्ये शिरतो, त्याने गाणं ‘बाथरूममधलं’ वाटतं. त्यावरचा गरिबाचा उपाय म्हणजे माइकच्या अगदी जवळ जाऊन हळू गाणं. तोंड जवळ असलं की थेट आवाज जास्त, भिंतीवरून आलेला कमी. शिवाय बहुतेक माइकना अशी खोड असते की चार बोटांवर आलात की खर्ज फुगवून दाखवतात. म्हणून आवाज गुबगुबीत, कानाशी बोलल्यासारखा येतो, श्वास आणि ओठ उघडल्याचा ‘चट्’सुद्धा ऐकू येतो. या घरी गाणाऱ्या मंडळींची कुजबुज-गायकी निम्मी मनातून आलेली असेल, निम्मी शेजाऱ्यांच्या भीतीने आली आहे.

राइसचं कौतुक यासाठी की हळू गाता गाता तो ओरडतोसुद्धा. घरी हे अवघड. कुजबुजीसाठी माइकचं गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ते) वर ठेवावं तर ओरडल्यावर आवाज फाटतो, खाली ठेवावं तर कुजबुजीत खरखर येते. दोन वेगळे टेक घेऊन जोडावे लागतात, किंवा ओरडताना गायकाने स्वतः मागे सरकायचं. आमच्याकडे जुने नाट्यगायक तान घेताना मान वळवायचे, तसंच.

कढीपत्ता

पेटीवाले काका, दंडवत! कपाटाचा किस्सा घरात मोठ्याने वाचून दाखवला.

भर_दुपारी

घरी रेकॉर्ड करणाऱ्या आयरिश मंडळींत मला राइसपेक्षा जेम्स व्हिन्सेंट मॅकमॉरो जास्त खरा वाटतो. आयरिश समुद्राच्या काठावर एका एकाकी घरात पाच महिने राहून त्याने ‘अर्ली इन द मॉर्निंग’ (२०१०) केला. जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवली. राइसकडे माणसं येऊन गेली म्हणता, इथे खरंच कोणी नव्हतं. पुढचा ‘पोस्ट ट्रॉपिकल’ (२०१४) मात्र थेट टेक्सासमधल्या स्टुडिओत केला.

आणि ‘एकट्याने’ हा शब्द कुणाला शोभत असेल तर ‘व्हिलेजर्स’ या बँडच्या कॉनर ओब्रायनला. ‘डार्लिंग अॅरिथमेटिक’ (२०१५) त्याने मालाहाइडच्या घरात स्वतः लिहिला, वाजवला, रेकॉर्ड केला आणि मिक्ससुद्धा केला. त्याला आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाला. अर्थात लेबल ‘डॉमिनो’चं होतं, स्वतःचं नव्हे.

होझियरचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असेल. ‘टेक मी टू चर्च’चा डेमो त्याने विकलो परगण्यातल्या आईवडिलांच्या घरी माळ्यावर केला. २०१३ मध्ये रुबीवर्क्स या छोट्या आयरिश लेबलने गाणं काढलं. पक्क्या रेकॉर्डिंगमध्येही गळा त्या माळ्यावरच्या डेमोतलाच ठेवला आहे. त्यावर नंतर वाद्यं चढवली.

खवट_आजोबा

म्हणजे माळ्यावरून ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत. आमच्या माळ्यावर दिवाळीचे आकाशकंदील आणि एक मोडका पाळणा आहे.

तिसरी_घंटा

कॉपीराइटच्या कामात आयुष्य गेलं म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते, कारण धाग्यात ‘स्वतंत्र’ हा शब्द फार सैल वापरला जातो आहे.

एका गाण्याचे दोन सातबारा असतात. पहिला गाण्याचा: शब्द आणि चाल. दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. सिनेमात गाणं वापरायचं तर दोन्हीची परवानगी लागते आणि दोन्हीचे पैसे वेगळे. नेहमीच्या करारात कंपनी स्टुडिओचा खर्च उचलते आणि त्या बदल्यात दुसरा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेते. वर तो खर्चही कलाकाराच्या वाट्यातून वळता करते. कलाकाराला हे सहसा तिसऱ्या अल्बमला समजतं.

घरी रेकॉर्ड केलं की हा खर्च उचलणारा दुसरा कोणी नसतो, म्हणून मास्टर आपल्याकडे राहू शकतो. ‘ओ’चं खरं स्वातंत्र्य मला इथे दिसतं. गोधड्या आणि मेणबत्त्या ही नंतरची सजावट. आयर्लंडबाहेर विकायला त्यालाही मोठ्यांची दुकानं लागलीच: ब्रिटनमध्ये वॉर्नरच्या छत्राखालचं फोर्टीन्थ फ्लोअर, अमेरिकेत व्हेक्टर. पण तयार माल हातात घेऊन वाटाघाटीला बसणं आणि आगाऊ रक्कम घेऊन बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग ‘क्लोजर’सारखा सिनेमा येतो तेव्हा बसलेल्याला उभं राहावं लागत नाही.

अवांतर: आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही असं ठरलं. तो पहिल्या सातबाऱ्यावर. दुसरा अजूनही ज्याचा पैसा त्याचाच.

रात्रपाळी

तिसरी_घंटा ताई, सातबाऱ्याची उपमा उचलून ठेवली आहे. मला जे तीन परिच्छेदांत जमलं नाही ते तुम्ही एका ओळीत केलंत.

पण मग हॅनिगनचं काय? तिचा आवाज त्या दुसऱ्या सातबाऱ्यावर आहे, नाव मात्र मुखपृष्ठावर नाही. २००७ मध्ये म्युनिकच्या कार्यक्रमाच्या वेळी दोघांची फारकत झाली आणि ती बाहेर पडली. २००८ मध्ये तिने ‘सी सो’ हा स्वतःचा अल्बम काढला. हा घरातला नव्हे. डब्लिनच्या स्टुडिओत जेमतेम दोन आठवड्यांत उरकलेला, कारण मीटर. पण मुखपृष्ठ सुईदोऱ्याने शिवलेलं. आयर्लंडच्या चॉइस प्राइझच्या यादीत आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या मर्क्युरी प्राइझच्या यादीत तो होता. मला तो ‘९’पेक्षा (राइसचा २००६ चा अल्बम) सरस वाटतो. मारा आता मला.

राइसला पुढचा अल्बम करायला २०१४ उजाडलं, आणि तोही रिक रुबिनसारख्या बड्या निर्मात्याबरोबर. मीटर नसला की आठ वर्षंही लागतात, हेही लिहून ठेवायला हवं. माझ्याच मुद्द्याविरुद्ध जातं, तरी.

लिफीकाठी

@रात्रपाळी, ‘सी सो’वर सहमत. मारणाऱ्यांच्या मध्ये मी उभी राहते.

एक नाव अजून यायला हवं होतं: मिक ख्रिस्तोफर. ग्राफ्टन स्ट्रीटवर गाणाऱ्यांतला, या सगळ्यांचा मित्र. नोव्हेंबर २००१ मध्ये वॉटरबॉइज या बँडबरोबर दौऱ्यावर असताना नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला जिन्यावरून पडला आणि त्यातच गेला. दोन महिन्यांनी ‘ओ’ आला तो त्याला अर्पण केलेला. मिकचा स्वतःचा ‘स्कायलार्किन’ अर्धवट राहिला होता, तो मित्रांनी पुरा करून बाहेर काढला. त्या पिढीच्या इथल्या माणसासमोर ‘ओ’चा विषय काढला की तो आधी मिकबद्दल बोलतो, मग राइसबद्दल. मी हे दोनदा पाहिलं आहे, दोन्ही वेळा पबमध्ये, दोन्ही वेळा समोरचा रडला.

आता आजचं सांगते, कारण इथे वाचून कोणी गिटार घेऊन डब्लिनचं विमान पकडू नये. घरी रेकॉर्ड करायला आधी घर लागतं. माझ्या ओळखीच्या संगीतवाल्या पोरांपैकी निम्मी तिशीत आईवडिलांकडे परतली आहेत. सामान स्वस्त झालं, लॅपटॉपमध्ये अख्खा स्टुडिओ मावतो, खोली मात्र परवडत नाही. होझियरचा माळा आईवडिलांचा होता हे विसरू नका.

सरकारने एक गोष्ट चांगली केली. २०२२ मध्ये कलाकारांसाठी मूळ उत्पन्नाची योजना आणली: आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं, काय केलंस असा हिशेब न मागता. नऊ हजारांवर अर्ज आले आणि पात्र लोकांतून २,००० जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले. नंतर मुदतही वाढवली. त्याशिवाय १९६९ पासूनची करसवलत आहे. स्वतः रचलेल्या संगीताच्या कमाईवर आता वर्षाला ५०,००० युरोपर्यंत आयकर नाही. मेख अशी की ही सवलत रचण्याला आहे, गाण्याला नाही. व्हीलन्समध्ये गाऊन तिकिटाचे पैसे मिळाले तर त्यावर कर आहेच.

भर_दुपारी

३२५ युरो आठवड्याला! एवढं ऑनलाइन कमवायला किती ऐकणारे लागतील?

लिफीकाठी

बँडकॅम्पवर (कलाकार जिथे थेट गाणी विकतात त्या साइटवर) दहा युरोचा अल्बम ठेवला तर ते पंधरा टक्के कापतात, वर पैसे फिरवण्याची फी. म्हणजे हातात आठ-सव्वाआठ धर. दर आठवड्याला चाळीस माणसांनी विकत घ्यायला हवा, बावन्न आठवडे. पहिल्या आठवड्यात घेतात, मावशी-काका धरून. अकराव्या आठवड्यात कोण घेतं?

स्पॉटिफायवर तर २०२४ पासून ज्या गाण्याला वर्षभरात हजार ऐकण्या नाहीत त्याला रेकॉर्डिंगचा पैसाच मिळत नाही. ताईंच्या भाषेत, सातबारा तुमचा पण पीक गुंठाभरापेक्षा कमी असेल तर मोजणीच नाही.

खवट_आजोबा

हे वाचून ‘ओ’ तिसऱ्यांदा लावला, हेडफोनने. या वेळी जागा राहिलो. ‘आय रिमेंबर’ला दचकून उठलो असं म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल. चेलो चांगला आहे. बाकी मत राखून ठेवतो.

पेटीवाला

आजोबांनी चेलो चांगला म्हटला, आज पेढे.

लिफीकाठी ताई, तुमच्याकडे अपार्टमेंटमध्ये रात्री गाण्याला बंदी असते का? आमच्या सोसायटीत दहानंतर पेटी बंद.

लिफीकाठी

काका, आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगा राहतो, तिघांत एक घर. काहीतरी रेकॉर्ड करत असतो. मला नाव माहीत नाही, आवाजही धड माहीत नाही, कारण तोही तुमच्या कुजबुज-गायकीतलाच. गेल्या रविवारी दार वाजलं. अगदी अवघडून उभा. म्हणाला, तुमचं वॉशिंग मशीन किती वेळ चालणार आहे?

मी म्हटलं, बावीस मिनिटं, शेवटचं पिळणं राहिलंय.

म्हणाला, मग मी चहा पिऊन घेतो. आणि जिना उतरून गेला. कपडे वाळत घालताना मीच पाय न वाजवता चालत होते.